शिमगा वगळून पंचावन्न

धुळवडीच्या सकाळी साडेआठलाच नासिरभाईंच्या पोलादपुरातल्या दुकानातल्या कोंबड्या संपल्या आणि त्यांची लेक अफरीन रिकाम्या पिंजऱ्यांत पुन्हा पुन्हा डोकावली. बाहेर रांग तशीच होती.

वीस वर्षं नासिरभाई होळीआधी नाक्यावर चहा घेत उभे राहायचे, मुंबईच्या गाड्यांतून उतरणारे चाकरमानी मोजायचे आणि महाडच्या पोल्ट्रीवाल्याला आकडा कळवायचे. यंदा मात्र अफरीननं पैज लावली होती. अर्थशास्त्रात एम.ए. झालेल्या या पोरीला पुण्यात मागणीचे अंदाज बांधायची नोकरी मिळत होती, पण अब्बा सोडायला तयार नव्हते. "माझा अंदाज बरोबर आला तर जाऊ द्यायचं," ती म्हणाली. पाच वर्षांची विक्री लॅपटॉपात भरून तिनं आकडा काढला: पंचावन्न कोंबड्या. अब्बांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण शब्द दिला होता, म्हणून तेवढ्याच मागवल्या.

"आठ मान्सं आलीत मुंबयसून," रांगेतली साळूबाई काउंटरवर हात आपटून म्हणाली. "वाटण तयार हाय. त्यांना काय नुसतं वाटण चाटवू गो?"

"मावशी, थांबा जरा," अफरीन म्हणाली.

नासिरभाईंनी महाडला फोन लावला. तिकडेही पिंजरे रिकामे. शेवटी ते मुकाट्यानं परसात गेले आणि बायकोनं अंड्यांसाठी पाळलेल्या सहा कोंबड्या घेऊन आले. मागोमाग बेगम ओरडत आली, "अवो, त्या माझ्या हायत! रोजची अंडी देतात!" तोवर साळूबाईनं दोन उचलल्यासुद्धा.

दुपारी शटर ओढून नासिरभाई लेकीसमोर बसले.

"केलंस काय नेमकं?"

"सणाला विक्री एकदम उसळते, अब्बा. त्यात खरा कल दिसत नाय. म्हणून आधी ती उसळी काढून टाकायची, मग अंदाज बांधायचा."

"म्हंजे शिमगा काढून टाकलास?"

"हो. पण शेवटी आकड्यात परत मिळवायचा असतो."

"मिळवलास?"

"राहिलं," अफरीन म्हणाली. तिला रडू येत होतं. पुणं गेलंच, असं तिनं धरलं.

"उद्या बॅग भर," अब्बा म्हणाले. "पुण्याला जा."

"पण पैज तर मी हरले!"

"म्हणून तर जा. श्रावणाच्या तोंडावर गटारी येते. तेव्हा तू हितं नको."