आत्याची बारावी पौर्णिमा

आत्या दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि तिसऱ्या दिवशी पौर्णिमा निघाली. तिने सकाळीच जाहीर केलं, की आजपासून बारा पौर्णिमांचं व्रत धरलंय. दिवसभर उपास, संध्याकाळी चंद्राला अर्घ्य, मगच तोंडात घास. व्रत जिथे धरलं तिथेच पुरं करायचं असतं, आणि एका जरी पौर्णिमेला चंद्र दिसला नाही तर पुन्हा पहिल्यापासून, हे दोन नियम तिने चहा पिता पिता सांगितले. फोटोग्राफर भाच्याचा कप ओठांपाशीच थांबला.

तेव्हापासून घरातली एकुलती एक झोपायची खोली आत्याकडे गेली. फोटोग्राफर आणि त्याची बायको स्वयंपाकघरात, ओटा आणि फ्रिज यांच्या मधल्या जागेत झोपू लागले. एकाला कूस बदलायची झाली की दुसऱ्याला आधी उठवावं लागे. आत्या स्वभावाने वाईट मुळीच नव्हती. ती होती, एवढीच अडचण होती.

आज बारावी पौर्णिमा. आत्याने आपली पिशवी भरून ठेवली होती. फोटोग्राफरने रिक्षावाल्यालाही सांगून ठेवलं होतं. सगळं सुरळीत चाललेलं असताना दुपारी आभाळ भरून आलं ते हलायचं नावच घेईना.

"आता काय?" बायकोने दबक्या आवाजात विचारलं. "पुन्हा बारा? मी आत्ताच सांगून ठेवते, मी माहेरी जाईन."

"तुझा भाऊ मोकळा आहे का?"

बायकोचा भाऊ जन्मापासून मोकळाच होता. स्टुडिओत नवरीच्या चेहऱ्यावर मऊ उजेड पाडायला वापरतात तो मोठा, गोल, कागदी दिवा फोटोग्राफरने त्याच्या हाती दिला. बॅटरी दिली, एक बांबू दिला आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे त्याला उभं केलं.

अंधार पडताच फोटोग्राफर आत्याला घेऊन आपल्या गच्चीवर गेला. बायको खाली पानं वाढायच्या तयारीला लागली.

"आत्या, तो बघ!" फोटोग्राफर ओरडला. टाकीमागून पिवळसर गोळा वर आला होता.

आत्याने बराच वेळ तिकडे पाहिलं. मग भाच्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने तांब्यातलं पाणी सोडून हात जोडले. फोटोग्राफरचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहिला नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या काकू गच्चीच्या दारात उभ्या होत्या.

"अगंबाई, दिसला की! मी दुपारपासून डोळे लावून बसलेय!" असं म्हणून काकूंनी जिन्यात तोंड घालून हाक दिली, "अगं या गं, चंद्र आलाय!"

त्या इमारतीत एवढे उपास चालतात याची फोटोग्राफरला कल्पना नव्हती. बायका आल्या, त्यांच्या सासवा आल्या, हौशी नवरे आले. अर्घ्यं झाली. ज्यांनी डबे सोबत आणले होते त्यांनी तिथेच उपास सोडले. शेवटी रिटायर्ड हेडमास्तर आले आणि चष्मा पुसून म्हणाले, "हा मघापासून टाकीवरच आहे. वर का सरकत नाही?"

फोटोग्राफरने कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "वर घे! हळू!"

मेहुण्याला हळू हा प्रकार माहीत नव्हता. चंद्र एकदम हातभर वर गेला, डावीकडे कलला आणि डोलू लागला.

"हलतोय हो!" कोणीतरी किंचाळलं.

"उपाशी पोटी असं दिसतं," काकू भरल्या तोंडाने म्हणाल्या.

तेवढ्यात वारा सुटला, पाठीमागचं आभाळ फाटलं आणि साऱ्या गच्चीवर लख्ख चांदणं पडलं. सगळे वळले. खरा चंद्र वर आला होता. मग सगळ्यांनी पुन्हा समोर पाहिलं. तिकडेही होताच.

हेडमास्तरांनी घसा साफ केला. "घाबरू नका. अधिक महिना येतो त्या वर्षी पौर्णिमा जास्तीची येते की नाही? पौर्णिमा जास्तीची येऊ शकते, तर चंद्र का नाही?"

"मग हा दुसरा कशात धरायचा?"

"पहिला यंदाचा. दुसरा पुढच्या वर्षातला. ज्यांचं व्रत आज पुरं झालं, त्यांचं नवं सुरू!"

साऱ्या बायकांनी लगबगीने दुसऱ्या चंद्राला पाणी सोडलं. आत्यानेही सोडलं. फोटोग्राफरच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"अहो, तो चंद्र नाहीये! माझ्या स्टुडिओतला दिवा आहे! माझा मेहुणा धरून उभा आहे!"

"म्हणजे मी दिव्याला हात जोडून जेवले?" काकूंनी विचारलं.

"हो."

"शक्य नाही. मी असं करणारच नाही."

"जेवून झाल्यावर असलं अभद्र बोलू नये," दुसरी म्हणाली. जेवलेले सगळे तिच्या बाजूने झाले. फोटोग्राफरने तिरीमिरीत फोन लावला. "बंद कर! आत्ताच्या आत्ता!" दिवा विझला.

"मावळला!" हेडमास्तर म्हणाले आणि सर्वांनी भक्तिभावाने हात जोडले.

फोटोग्राफर आत्याचा हात धरून जिना उतरू लागला. मधल्या वळणावर आत्या थांबली.

"दिवा छान होता हो."

"तुला कळलं होतं?"

"पौर्णिमेचा चंद्र कधी मावळतीकडून उगवतो का रे? एवढं कळतं मला."

"मग पाणी कशाला सोडलंस?"

"तू इतका जीव टाकून उभा होतास." आत्याने पदराने डोळे टिपले. "वर्षभर मला वाटत होतं, तुम्हाला माझी अडचण होतेय. म्हणून पिशवी भरली. आणि आज बघते तर म्हातारी उपाशी राहू नये म्हणून पोराने आभाळात दिवा टांगला! पोटचा मुलगा नसता करत. मास्तर म्हणतात तर धरू या आजची पहिली पौर्णिमा. आता मी कुठ्ठे जात नाही."

फोटोग्राफरला भरून आलं. नक्की कशाने, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

खालून बायकोने अधीर होऊन विचारलं, "अहो, दिसला का एकदाचा चंद्र?"

"दिसला," तो म्हणाला. "दोन दिसले."