दामूभावोजींचा सायब

मी एकदा ट्रॅक्टरला खोबरेल लावलं होतं. होय, डोक्याला लावतो तेच. नातवंडं हे ऐकून आता गडबडा लोळतात. पण तेव्हा मी पन्नाशीची होते, आणि घरातला फ्यूज स्वतः बदलल्यापासून स्वतःला अर्धी इंजिनिअर समजत होते.

त्यात माझ्या एकटीचा दोष नाही. आमच्या नागावात समुद्राचा वारा सगळं लोखंड खातो. कडी, कोयता, शिवणयंत्र, जे जे गंजेल त्याला आम्ही खोबरेल चोपडतो. बिजागरी कुरकुरली, खोबरेल. सासूबाई कुरकुरल्या, तरी खोबरेल. मग ट्रॅक्टरनंच काय घोडं मारलं होतं?

ट्रॅक्टर शेजारच्या दामूभावोजींचा. शेतातलं धूड नव्हे. रेडकाएवढा, लाल, दोरी ओढून चालू करायचा. किनाऱ्यावर बंगला असलेल्या कुण्या मुंबईकर शेठनं बागेसाठी परदेशातून आणलेला, आणि कंटाळल्यावर भावोजींच्या गळ्यात मारलेला. परदेशी म्हणून भावोजी त्याला ‘सायब’ म्हणतात. “सायब आज नाराज हाय.” “सायबाला पेट्रोल दिलं, आता मी च्या घेतो.” सायब माडांच्या रांगांमधून नांगरट करतो, नारळ रस्त्यापर्यंत पोचवतो आणि उरलेल्या वेळात बिघडतो.

भावोजींच्या मते जगात दोनच प्रकारचे बिघाड असतात: टायमिंग पुढं गेलेलं आणि टायमिंग मागं पडलेलं. एसटी उशिरा आली, मागं. पाहुणे जेवणाआधी टपकले, पुढं. गावात नव्वदीचे म्हातारबाबा गेले, तेव्हा सगळे हळहळत असताना हे मान डोलावून म्हणाले, “टायमिंग बराबर.” आमच्या ह्यांच्या घोरण्याबद्दल तर त्यांनी भर ओटीवर निदान केलं, “वैनी, ह्यांचा प्लग मिस मारतोय.” आमचे हे बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

तर त्या दिवशी मी घाण्यावरून आणलेलं ताजं खोबरेल द्यायला त्यांच्याकडे गेले. भावोजींची बायको सुमती, माझी मैत्रीण, जाऊन वर्षही झालं नव्हतं. लेक वाशीला. घरात हा माणूस आणि सायब. सायबाचं झाकण उघडं, भावोजी आत चहा टाकायला गेलेले. मी डोकावले. आत दोन इवलेसे धातूचे ठिपके, एकमेकांना टेकलेले, जरा काळवंडलेले. मला कणव आली. बाटली हातात होतीच. बोट बुडवलं आणि तान्ह्या बाळाच्या टाळूवर घालावं तसं दोघांना मायेनं तेल घातलं.

भावोजी आले, दोरी गुंडाळली, ओढली. सायब गप्प. परत ओढली. सायब खोकलासुद्धा नाही. ओढून ओढून माणसाचा सदरा भिजला. तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “उठेल हो! मी आत्ताच तेल दिलंय की त्याला.”

भावोजी थांबले. “कुठं, वैनी?”

“त्या दोन ठिपक्यांना.”

ते नारळांच्या ढिगावर बसलेच. “अवो वैनी, ते पॉइंट हायत! त्यांनी एकमेकांना शिवायचं आनि टायमाला सुटायचं, तवा ठिणगी पडते. मधी तुमचं तेल! आता ठिणगी पडतेय, का भजी तळायची?”

मग शिक्षा म्हणून मला कामाला लावलं. पॉइंट पेट्रोलनं धुतले, कोऱ्या कागदानं पुसले, पातळ पत्तीनं त्यांच्यातली फट मोजली. आता टायमिंग. सिगारेटचा झिरझिरीत कागद पॉइंटांच्या मध्ये धरायचा नि अलगद ओढत राहायचं. भावोजी चाक हातानं तसूतसू फिरवणार. पॉइंट उघडले की कागद आपसूक निसटतो. त्या क्षणी ओरडायचं, “सुटला!” भावोजी चाक तिथंच थांबवणार आणि चाकावरची रेघ सायबाच्या अंगावरच्या रेघेला भिडली की नाही ते बघणार. रेघ पुढं-मागं असली की पुन्हा पहिल्यापासून.

“नीट धरा. फाडू नका,” ते म्हणाले, आणि जरा वेळानं, “कागद सुमतीकडं असायचा.”

मी त्या दिवशी इतक्या जोरात “सुटला!” ओरडले की आमचे हे कुंपणापलीकडून विचारते झाले, “बैल का?”

तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी संध्याकाळी हाक यायची, “वैनीऽ, टायमिंग हललं!” मी पदर खोचून निघायची. आमचे हे म्हणायचे, “जा, तुझं टायमिंग आलं.” मला मनातून खात्री, माझंच तेल सायबाच्या आत कुठं तरी मुरलंय. विचारलं की भावोजी गंभीरपणे म्हणायचे, “असंल, वैनी, असंल. तेल चिवट जात.” मग मी आणखीच खजील होऊन जाताना वाटीभर काहीतरी घेऊन जायची. कधी सुकटीची चटणी, कधी घावनं. कागद ओढता ओढता सुमतीच्या गोष्टी निघायच्या, तिचा स्वयंपाक, तिचं भांडण. चाक फिरायचं राहूनच जायचं. अशी वर्षं गेली. हात थरथरायला लागला, तरी कागद मात्र मी फाडला नाही.

गेल्या महिन्यात भावोजींच्या लेकीनं अलिबागेहून मेकॅनिक पाठवला. तिला वडिलांची ही कटकट मिटवायची होती. मेकॅनिकनं पिशवीतून काळी डबी काढली.

“काका, ही इलेक्ट्रॉनिक डबी बसवतो. पॉइंट काढून फेकायचे. परत टायमिंगचं नावच नको.”

भावोजींचा चेहरा उतरला. “डबी पान्यात भिजंल,” म्हणाले. मग म्हणाले, “सायब म्हातारा हाय, त्याला नवं सोसायचं न्हाय.”

“पण ताई म्हणाल्या तसं दर आठ-पंधरा दिवसांनी टायमिंग हलतं कसं?” मेकॅनिक चक्रावला. “एकदा बसवलं की वर्षभर बघायला नको.” पाना शोधायला त्यानं भावोजींची पेटी उघडली आणि आतून दोन वायरी लावलेला छोटा बल्ब काढला. “हा काय, आहे की तुमच्याकडे! बॅटरीला जोडायचा. पॉइंट सुटला की विझतो. एकटा माणूस करतो हे काम.”

मी भावोजींकडे बघितलं. भावोजी माडाकडे बघत होते, जन्मात पहिल्यांदाच माड दिसावा तसे.

पन्नाशीतली मी असते तर तिथंच कंबरेवर हात ठेवून जाब विचारला असता. अर्धी इंजिनिअर ना! आता मी मेकॅनिकच्या हातातला बल्ब घेतला, पेटीत तळाशी ठेवला आणि म्हटलं, “बाळा, डबी परत ने. सायबाला पॉइंटच बरे. भावोजींच्या लेकीला सांग, कागद धरायला मी आहे.”

तो गेल्यावर भावोजींनी स्टूल पुढं सरकवलं. मी बसले. कागद पॉइंटांत सरकवता सरकवता विचारलंच, “भावोजी, खरं सांगा. माझं तेल अजून आहे का हो ह्याच्यात?”

त्यांनी फडक्याला हात पुसले. मग चाकावर हात ठेवून म्हणाले,

“तेल कवाच उडालं, वैनी. पन तुमी ‘सुटला’ बोलल्याशिवाय सायब उठत न्हाय.”