शुक्रवारी पूर्वेला कलणारी पृथ्वी

"हे तुम्ही खरं मानणार नाहीच," बशीत चहा ओतता ओतता प्रभाकरकाकांनी आधीच सांगून टाकलं. "पण ही अख्खी पृथ्वी चार महिने दर शुक्रवारी पूर्वेला कलत होती. आणि तिला कलवणारा माणूस तुमच्यासमोर बसलाय."

आमलीच्या नाक्यावरच्या टपरीत बाकावर दोन नवे कामगार बसले होते. त्यांनी आदरानं पाय आखडून घेतले. टपरीवाला योगेश मात्र चहा गाळता गाळता म्हणाला, "काका, काल तर तुम्ही खानवेलच्या बसमध्ये वाघ बसवलात."

"वाघ नाही, बिबट्या. आणि त्यानं तिकीट काढलं नव्हतं, म्हणून ती गोष्ट मधेच उतरली. ही शेवटपर्यंत जाते."

काकांच्या गोष्टीला पाया असणं तसं दुर्मीळ. या गोष्टीला होता, आणि तो काकांच्याच गच्चीत चार बोल्टांनी ठोकलेला होता. धाग्याच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यावर काकांनी घराच्या तीन खोल्या धुळ्याकडच्या कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. गच्ची तेवढी रिकामी होती. ती मागायला पुण्याहून रसिका नावाची एक संशोधक आली. तिनं गच्चीत पुरुषभर उंचीचा लोखंडी खांब रोवला आणि त्याच्या डोक्यावर उलट्या पातेल्यासारखा एक पांढरा घुमट बसवला.

"काका, वीस हजार किलोमीटरवरचे उपग्रह या घुमटाशी बोलतात," तिनं समजावलं. "त्यांच्या कक्षांवरून मी पृथ्वीची गिरकी मोजते. पृथ्वी कधी जराशी रेंगाळते, कधी घाई करते. दिवस सेकंदाच्या हजाराव्या भागानं लहानमोठा होतो. ते पकडायचं तर हा खांब मिलिमीटरभरही हलता कामा नये. दोन वर्षं मोजायचंय मला. खांब हलला, तर सगळं केरात."

"चिटपाखरू शिवणार नाही. माझा शब्द!"

"यांचा शब्द?" अरुणाकाकू जिन्यातून म्हणाल्या. "बाई गं, दुसरी गच्ची बघ."

पण रसिकाला काका आवडले होते. प्रबंधात आभार मानताना त्यांचं नाव पहिलं घालायचंही तिनं कबूल केलं. काकांनी ते किलवणीपर्यंत सगळ्यांना कळवलं.

दीड वर्षाहून जास्त काळ त्यांनी शब्द पाळला. मग कपड्यांची दोरी ज्या कडीला बांधलेली होती, ती कडी एक दिवस भिंतीच्या गिलाव्यासकट हातात आली. काकांनी गच्चीभर नजर फिरवली. पूर्वेला पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा होता. पश्चिमेला होता तो खांब. वादळात हलला नाही, तो लुगड्यांनी काय हलणार? काकांनी खांबाला मस्तपैकी गाठ मारली आणि हात झटकले.

भाडेकरूंच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारची. त्यामुळे तिन्ही खोल्यांचं आठवड्याचं धुणं शुक्रवारी सकाळी निघायचं. त्यात त्यांच्यातल्या भिकाची गोधडी. त्याच्या आईनं सात लुगडी एकावर एक घालून शिवलेली. कोरडी असताना ती माणसाला ऊब द्यायची, भिजल्यावर तिला उचलायला दोन माणसं लागायची.

चार महिन्यांनी, एका गुरुवारी, रसिकाचा फोन आला. तिला धाप लागली होती. "काका, तुमच्याकडची जमीन दर शुक्रवारी चार मिलिमीटर पूर्वेला सरकते! सकाळी सरकते, संध्याकाळी परत येते. मला वाटतं, त्या दिवशी कारखाने बंद, बोअरचे पंप बंद, म्हणून जमिनीखालचं पाणी चढत असेल. काका, फार मोठं काहीतरी सापडलंय!"

संध्याकाळपर्यंत आमलीत सगळ्यांना ठाऊक झालं की पृथ्वी प्रभाकरकाकांच्या गच्चीवर कलते. दुसऱ्या दिवशी ती कलताना बघावी म्हणून काका स्वतः वर गेले. दोरीवर गोधडी ठिबकत होती. आणि पांढरा घुमट देवळातल्या भाविकासारखा पूर्वेकडे किंचित वाकला होता.

काकांनी गोधडीपासून खांबाच्या गाठीपर्यंत नजर नेली आणि त्यांना सगळं उमगलं.

दोरी सोडायला एक मिनिट लागलं असतं. पण दोरी सोडली असती तर पृथ्वी एकाएकी सरळ झाली असती, रसिकानं कारण विचारलं असतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हाती लागलेली खरी बढाई गेली असती. काकांनी फोरमनच्या डोक्यानं विचार केला. एका बाजूला वजन जास्त झालं, तर दुसऱ्या बाजूला तेवढंच द्यावं! त्यांनी खांबापासून पश्चिमेच्या कठड्याला दुसरी दोरी बांधली.

"काय करून राहिले काका?" भिकानं बादली खाली ठेवत विचारलं.

"समतोल. तुझी गोधडी तिकडे. मधल्या खोलीची ब्लँकेटं इकडे."

"पण ते ब्लँकेट तर आताच धुतले होते ना!"

"परत धुवा! विज्ञानासाठी!"

घुमट सरळ झाला. काकांनी त्याला नमस्कार केला. पण ब्लँकेटं होती नायलॉनची, ती तासाभरात सुकली. गोधडी सुकायला संध्याकाळ झाली. त्या शुक्रवारी पृथ्वी सकाळी ताठ, दुपारी पूर्वेला आणि संध्याकाळी, काकांनी घाईत भिजवलेल्या सतरंजीमुळे, थेट पश्चिमेला.

"काका," फोनवर रसिकाचा आवाज रडवेला झाला होता, "जमीन आता डुलायला लागलीय. माझ्या सगळ्या मोजणीवरच शंका आलीय. उदयसर, माझे मार्गदर्शक, येत्या शुक्रवारी स्वतः बघायला येतायत."

"शुक्रवारीच का? शनिवारी यावं की! शनिवारी इथं हवा चांगली असते."

उदयसर शुक्रवारीच आले. काकांनी पहाटेच दोन्ही दोऱ्या सोडून लपवल्या होत्या, त्यामुळे गच्ची अगदी स्वच्छ दिसत होती. सरांनी खांबाला हात लावला, बोल्ट तपासले, रसिकाचे आलेख पाहिले. "कारण सापडत नाही," ते म्हणाले. "कारण कळत नसेल तर आकडे ठेवता येत नाहीत, रसिका. दोन वर्षांचं सगळं काढून टाकावं लागेल. खांबही उपटून घेऊ."

 रसिकानं ओढणीनं घुमटावरची धूळ पुसली.

इथपर्यंत सांगून काका टपरीत थांबले. नव्या कामगारांचा चहा गार झाला होता. योगेशनंही गाळणं हवेतच धरलं होतं.

"मग हो?" एकानं विचारलं.

"मग काय!  म्हटलं, खड्ड्यात गेली बढाई, पोरीची दोन वर्षं जातायत. छाती पुढे काढून मी सरांसमोर उभा राहिलो. म्हटलं, साहेब, पृथ्वीचा काही दोष नाही. दोरी मी बांधली. सर हसले! म्हणाले, मग गोधडीचे चार महिन्यांचे शुक्रवार तेवढे गाळा, बाकी सगळं सोन्यासारखं आहे. परवा प्रबंध विद्यापीठात गेला तिचा. आभारात माझं नाव पहिलं! आता म्हणा, खोटं आहे म्हणून."

दोघा कामगारांनी माना डोलावल्या. उपग्रह, गोधडी, डुलणारी पृथ्वी, सगळं त्यांना पटलं होतं. काकांनी समाधानानं बशी तोंडाला लावली.

"खोटं!" मागून आवाज आला. कारखान्यातली पाळी संपवून आलेला भिका केव्हापासून टपरीच्या खांबाला टेकून ऐकत होता. "बाकी सगळं बराबर हाय. पण तुम्ही कुठं उभे राहिले काका? मी गोधडी घेऊन जिन्यातच होतो. सांगितलं ते काकूंनी. तुम्ही टाकीच्या मागं बसेल होते."

"मी... पुरावा आणायला गेलो होतो!"

"हा, ते खरं," भिका म्हणाला. "काकूंचं बोलून झाल्यावर टाकीमागून एक हात बाहेर आला होता. दोन्ही दोऱ्या घेऊन."