आधी मका, मग घेवडा

ओझरच्या कारखान्याची बस यायला दहा मिनिटं असताना शेजारचे सोनवणे अंगणातला मका फूटपट्टीने मोजत. ताटं छत्तीस. मीही आकड्यांचा माणूस आहे, पण रोज मोजल्याने एखादी गोष्ट लवकर वाढते, असा माझा अनुभव नाही.

नाशिकच्या आमच्या कॉलनीत लोक अंगणात मोगरा लावत. सोनवण्यांनी मका लावला आणि त्यावर चढवायला वेलघेवडा. "मका आधार देतो, घेवडा जमिनीला खत देतो. एका जागेत दोन संसार," हे ते दूधवाल्यालाही सांगत. पहिल्या वर्षी त्यांनी दोन्ही एकाच दिवशी पेरलं. घेवड्याने कोवळ्या मक्याला अशी मिठी मारली की एक रांग कुंपणावरून आमच्या वाळत घातलेल्या चादरीवर आडवी झाली. "प्रयोग होता," सोनवणे म्हणाले. चादर माझी होती.

सोनवणेबाई कळवणला शिक्षिका. बदलीचा अर्ज दर वर्षी जाई आणि बाई एक रविवार सोडून एसटीने येत. तो प्रयोग पाहून त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही मकाच बघा. घेवडा मी लावीन, पंधराव्या दिवशी." तेव्हापासून "आधी मका, मग घेवडा" हे सोनवण्यांचं तत्त्वज्ञान झालं. माझ्या भाच्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला बाजूला घेऊन तेच ऐकवलं. भाचा अजून मला अर्थ विचारतो.

एका वर्षी पंधरावा दिवस आला, बाई आल्या नाहीत. माहेरी आई आजारी असल्याचं त्यांचं पोस्टकार्ड आलं. विसाव्या दिवशी मी कुंपणावरून म्हणालो, "सोनवणे, बी टाकून घ्या. पुढे मक्याची सावली पडेल."

"नाय भाऊसाहेब. घेवडा तिच्याकडं हाय."

"बी तर तुमच्या खिशात आहे."

"खिशात हाय. पण लावणार ती."

एकोणतिसाव्या दिवशी बाई आल्या. मका कमरेला लागला होता. पदर खोचून त्यांनी प्रत्येक ताटाशी बी टोचलं. मागून सोनवणे तांब्याने पाणी घालत होते. फूटपट्टी दिवसभर खिळ्यालाच राहिली.

सावलीत घेवडा पिवळा पडला. माझं बरोबर होतं. सगळ्या अंगणात मिळून शेंगा आल्या बावीस. मी कुंपणावरून मोजल्या होत्या.

पुढे एका शनिवारी सोनवणे वाटी घेऊन दारात उभे राहिले. वाटीत अकरा शेंगा. बाकीच्या अकरा काखेतल्या पिशवीत, कळवणला निघालेल्या.

"घ्या भाऊसाहेब. यंदा लय आला घेवडा."

"हो," मी म्हणालो, "लय आलाय."