यमुनाक्काच्या डबीतील बियाची हकिकत

श्रीभूमाता प्रसन्न, श्रीअंकुर समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, श्रावण वद्य पंचमीस परसातल्या तंबाखूवाल्यांच्या राज्यात जे वर्तले ते ऐसे. राज्य म्हणजे चौदा घरे, आणि परसात हौसेखातर जुन्या वाणाची चार चार रोपे. वर्षातून एकदा दरबार भरे, आणि ज्याने त्याने आपले बी पुडीत बांधोन आणावे, वर वाणाचे नाव घालावे, मग एकमेकांस चिमूट चिमूट द्यावे, ऐसा शिरस्ता. नाव नाही त्यास पुडी नाही, ऐसी सक्त ताकीद.

ते समयी यमुनाक्का मगदूम दरबारी दाखल जाहल्या. त्यांचे यजमान आबाजी निवर्तोन अकरा वर्षे लोटली, आणि मागे त्यांचा एक वाण राहिला. आबाजी त्यास नुसते 'आपला' म्हणत, आणि आक्कांनी कधी नाव विचारिले नाही, याची हळहळ काळजास लागोन राहिली. अकरा वर्षे आक्का फुलोऱ्यास मलमलीची पिशवी बांधीत, की परक्या फुलाचा पराग लागो नये, आणि बियाचा कण कोणास देत नसत. औंदा रोपे अळीने खाल्ली, मागचे बी चिमूटभर उरले. घरी ठेवावे तर उंदीर, बाहेर ठेवावे तर शेजारी, म्हणोन सारेच आबाजींच्या तपकिरीच्या पितळी डबीत घालोन आणिले. ताकीद पुडीची होती, डबीची नव्हती.

"खोत, नाव तेवढं सांगा. बी मागू नका," ऐसे बोलोन आक्कांनी डबी उघडोन पुढे ठेविली.

दत्ताजी खोत राज्याचे वाणपारखी, थोर पुरुष, परंतु विचारात पडले की तपकीर ओढावी ऐसी खोड. त्यांची डबीही पितळी, शेजारीच होती. आणि तंबाखूचे बी तपकिरीसारखेच बारीक, रंगही तोच. खोतांनी डोळे मिटिले, हात पुढे केला, चिमूट नाकास लाविली, आणि मग जी शिंक दिधली तीस तोड नाही. डबी कलंडली, आणि बी उडोन साऱ्या दरबाराच्या अंगावर पडले.

"अहो खोत, आमच्या मालकांचं बी ओढलंत की हो!" म्हणोन आक्का मटकन बसल्या आणि रडल्या.

खोतांचे तोंड एवढेसे जाहले. मग त्यांनी हुकूम केला की कोणी झाडू मारू नये, ज्याने त्याने अंगावरचे कपडे ओल्या मातीच्या कुंडीवर झटकावे, आणि कुंडी घरी न्यावी. खुद्द खोतांनी नाकही कुंडीतच शिंकरिले.

नवव्या दिवशी तेरा घरी हिरवी लव उगवली. मग आक्कांस घरी बसवेना. रोज एका दारी जात, आणि "पाणी बेतानं घाला गं", "पिशवी सैल बांधलीया, ओढा जरा", ऐसे करीत फुलोरा येईतो फिरल्या.

पुढील श्रावणी तेराही जणांनी आपापले बी आक्कांपुढे ओतिले, आणि डबी भरोन वर आले. खोत हळूच बोलिले, "आक्का, दफ्तर चाळलं. हा वाण कुठंच न्हाई. नाव तुम्हीच घाला."

आक्का उगाच पदर सारखा करीत राहिल्या. जन्मात ज्यांचे नाव तोंडाने घेतले नव्हते, त्यांचे नाव मग त्यांनी तेरा पुड्यांवर तेरा वेळा लिहिले, आणि पहिली पुडी खोतांपुढे धरिली.

"घ्या. पण नाकाला लावू नका."

येणेप्रमाणे एके शिंकेने गेलेले बी तेरा घरी नांदते जाहले. दफ्तरी नोंद ऐसी: वाण आबाजी, लागवडीची रीत, शिंकेने. दरबारात तपकिरीस तेव्हापासोन मनाई आहे.