ऐकून घेणारे गुंडोपंत

एका जंगलात, मुलांनो, सगळ्या प्राण्यांना बोलता येत होतं. तीच त्या जंगलाची मोठी अडचण होती.

सकाळ झाली की जो तो बोलायला लागायचा. ऐकायला कोणालाच सवड नसायची, कारण ज्याची त्याची बोलायची वेळही तीच असायची. शिवाय पानांची पद्धत निघाली होती. पळसाच्या पानावर नखाने एक फूल काढायचं, खाली 'शुभ सकाळ' लिहायचं आणि कावळ्याबरोबर पाठवून द्यायचं. एकाच गुहेत राहणारे बापलेकसुद्धा एकमेकांना पान पाठवायचे. कावळा दारात उभा राहून एक पान डावीकडे टाकायचा, एक उजवीकडे. झालं! घरात बोलायची गरजच उरली नव्हती.

या जंगलात गुंडोपंत नावाचं एक खवले मांजर राहत होतं. खवले मांजर म्हणजे मांजर नव्हे बरं का. अंगावर कौलांसारखे खवले आणि हातभर जीभ असलेला, मुंग्या खाऊन राहणारा हा गरीब प्राणी. संकट आलं की तो अंग गुंडाळून घट्ट चेंडू करून बसतो. मग वाघालाही तो उलगडता येत नाही.

बाकीची खवले मांजरं वाघ आला की चेंडू व्हायची. गुंडोपंत पाहुणे आले तरी व्हायचे. कोणी "काय, कसं काय?" म्हटलं की झाले चेंडू. लग्नात नाव घ्यायचा आग्रह झाला तेव्हा ते भर मांडवात गोल झाले होते. वेणूबाईंनी शेवटी चेंडूलाच हार घातला.

वेणूबाई हसऱ्या होत्या. त्यांनी तीस वर्षं संसार केला, मुलगी वाढवली. मग मुलगी नोकरीसाठी लांबच्या जंगलात गेली आणि बीळ एकदम मोठं वाटायला लागलं.

"अहो, आज करमत नाहीये," वेणूबाई एके दिवशी म्हणाल्या.

गुंडोपंतांना पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनाही करमत नव्हतं. पण शब्द घशापर्यंत आले आणि त्यांची पाठ आपोआप वळली.

वेणूबाईंनी चेंडूकडे बघितलं. "मुलगी होती तोवर चाललं. आता या बिळात मी आणि एक चेंडू. मी ओढ्यापलीकडे बहिणीकडे जाते. बोलायला लागाल तेव्हा न्यायला या."

आणि त्या खरोखरच गेल्या.

गुंडोपंत दोन दिवस गोलच राहिले. तिसऱ्या दिवशी उठले, अंग झटकलं आणि ओढ्याकडे निघाले. वाटेत ते एकच वाक्य घोकत होते. "वेणू, तुझ्याशिवाय घर खायला उठतं. चल ना." दहा वेळा म्हणून झालं, वीस वेळा म्हणून झालं. आवाजही बरा लागला होता.

तीन वाटा मिळतात तिथे बेहड्याचं झाड होतं. त्या झाडाखाली समोरून दौलतराव अस्वल आले.

"रामराम!" अस्वल म्हणालं.

गुंडोपंत चेंडू झाले.

दुसरा कोणी असता तर पुढे गेला असता. पण दौलतराव थकले होते. ते चेंडूशेजारी बसले, त्यांनी एक सुस्कारा टाकला आणि बोलायला लागले.

"आमचा मुलगा बघा. राजाच्या दरबारात कारकुनाच्या तीन जागा, अर्ज अकराशे. पाच वर्षं परीक्षा देतोय. सुकून गेलाय पोरगा. मला वाटतं, सांगावं त्याला, बाबा रे, सोड हे. माझ्याबरोबर मधाला चल. पण त्याची स्वप्नं मोठी. म्हणेल, बापाचा माझ्यावर विश्वास नाही. म्हणून मी आपलं म्हणतो, साहेब होशील, साहेब होशील."

चेंडू काही बोलला नाही. त्याने मध्येच तोंड घातलं नाही, "हे काहीच नाही, माझं ऐका" असं म्हटलं नाही आणि उपदेश तर नाहीच नाही. दौलतरावांना आयुष्यात असा श्रोता भेटला नव्हता. ते डोळे पुसत उठले. "फार मोठे आहात तुम्ही," असं म्हणून निघून गेले.

संध्याकाळपर्यंत ही बातमी जंगलभर झाली. दुसऱ्या दिवशी गुंडोपंत उठून निघणार, तोच साळिंदराची म्हातारी समोर हजर.

"रोज पहाटे उठून सुनेसाठी कंद भाजते हो मी. मला मेलीला झोप हवी असते. पण नाही उठले तर सून म्हणेल, सासू आळशी."

ती गेली आणि तासाभराने तिची सून आली. "सासूबाईंचे कंद मला पचत नाहीत. दिवसभर पोट धरून बसते. पण त्यांचा एवढा उत्साह! नको कसं म्हणू?"

मग दौलतरावांचा मुलगा आला. "मला मधच काढायचा होता. पण अण्णांनी सगळ्या जंगलाला सांगून ठेवलंय, मुलगा साहेब होणार. त्यांचं मन कसं मोडू?"

चेंडूच्या आत, मुलांनो, गुंडोपंत हे सगळं ऐकत होते आणि त्यांची चुळबुळ होत होती.

एवढ्यात तिथे भाऊसाहेब आले. भाऊसाहेब म्हणजे वानर. जंगलातले एकमेव समाजकार्यकर्ते. पुष्कळ दिवस समाजही होता आणि कार्यकर्तेही होते, फक्त कार्य मिळत नव्हतं. झाडाखालची गर्दी बघून त्यांना भरून आलं. त्यांनी लगेच नंबर लावायला सुरुवात केली, फलक लिहिला, उद्घाटन केलं आणि चेंडूला शाल पांघरून वर हार घातले.

"तुमची याला हरकत नाही ना, महाराज?" त्यांनी विचारलं.

हरकत सांगायची तर तोंड उघडायला हवं होतं. गुंडोपंत महाराज झाले.

सूर्य मावळला की लोक घरी जात. गुंडोपंत शालीतून बाहेर येत, झाडाखालच्या चार मुंग्या खात आणि ओढ्याकडे बघत. उद्या जाऊ, ते म्हणत. उद्या बिचारी मंडळी लांबून येणार, त्यांना परत कसं पाठवायचं? आणि खरं सांगायचं तर त्यांना हे आवडायलाही लागलं होतं. आजवर त्यांच्या गप्प बसण्यावर सगळे चिडत आले होते. इथे त्याच गोष्टीसाठी रांग लागत होती.

असा एक महिना गेला.

एके दिवशी दुपारी सत्तेचाळिसावा नंबर पुकारला गेला. कोणीतरी पुढे येऊन बसलं. घसा खाकरला. त्या खाकरण्यानेच शालीखालचा चेंडू ताठ झाला.

"महाराज, मी ओढ्यापलीकडून आले," वेणूबाई म्हणाल्या. शालीमुळे आणि हारांमुळे त्यांना आत कोण आहे ते दिसत नव्हतं. "आमचे हे बोलत नाहीत. तीस वर्षं मी भिंतीशी बोलावं तशी बोलत आले. शेवटी रागावून बहिणीकडे निघून आले. बोलायला लागाल तेव्हा न्यायला या, म्हटलं. वाटलं होतं, चार दिवसांत येतील. महिना झाला, महाराज."

त्या शालीच्या आणखी जवळ सरकल्या.

"बोलायला लागा, असं मी रागात म्हटलं हो. एक शब्द नसते बोलले तरी चाललं असतं. नुसते येऊन दारात चेंडू होऊन बसले असते, तरी मी उठून गेले असते. आता आपण होऊन परत गेले तर हरल्यासारखं होईल. पण मुलगी दूर, हे असे. जेवले असतील का, तेही कळत नाही."

शाल हलली. हार घरंगळले. चेंडू हळूहळू उलगडला आणि आतून गुंडोपंतांचं लांबट, लाजरं तोंड बाहेर आलं. ओढ्याच्या वाटेवर घोकलेलं वाक्य ते पार विसरले.

"वेणू," ते म्हणाले, "मी निघालो होतो गं. वाटेत लोक बोलत बसले."

वेणूबाई ताडकन उठल्या. "तुम्ही? महिनाभर साऱ्या जगाचं ऐकत बसलात? आणि माझं?"

"तुझंही ऐकत होतो. तीस वर्षं." गुंडोपंतांचा आवाज कापत होता, पण पाठ सरळ होती. "लाल मुंग्यांनी तुला पित्त होतं. तुझ्या आईने दिलेलं वारूळ पावसात गेलं, तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस. मुलगी झाली त्या दिवशी म्हणालीस, हिचे खवले माझ्यासारखे आणि डोळे यांच्यासारखे. सगळं ऐकलंय मी. फक्त 'हं' म्हणायचं राहिलं."

वेणूबाई पुन्हा त्यांच्याजवळ बसल्या.

"महाराज बोलले!" रांगेतून साळिंदराची म्हातारी ओरडली.

दौलतराव पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे तुम्ही आमचंही ऐकलंत? सगळं?"

"सगळं," गुंडोपंत म्हणाले. आणि तीस वर्षं अडलेलं एकदा मोकळं झाल्यावर त्यांना थांबता येईना. "दौलतराव, तुमचा मुलगा रांगेत तुमच्या मागे चौथा उभा आहे. त्याला मध काढायचाय. आजी, तुमच्या सुनेला कंद पचत नाहीत. उद्यापासून उशिरापर्यंत झोपा."

दौलतराव मागे वळले.

"तुला परीक्षा द्यायची नव्हती?"

"नाही अण्णा. तुम्हाला हवी होती ना?"

"मला? मला कधीच नको होती."

"मग पाच वर्षं कोणाला हवी होती?"

दोघांनी पुष्कळ विचार केला. कोणालाच नको होती. तिकडे सासू आणि सून एकमेकींचे काटे सांभाळत हसत होत्या. जंगलात त्या दुपारी पहिल्यांदाच दोन-दोन प्राणी एकमेकांशी बोलत होते, आणि एक बोलत असताना दुसरा गप्प बसत होता. गुंडोपंत आणि वेणूबाई तेवढ्यात घरी निघूनही गेले.

दुसऱ्या दिवशी बेहड्याखाली कोणीच आलं नाही. भाऊसाहेबांनी तीन वेळा पहिला नंबर पुकारला. चौथ्या दिवशी त्यांनी सभा बोलावली.

"हा विश्वासघात आहे!" ते म्हणाले. "आपण त्यांना ऐकून घ्यायला बसवलं होतं. ऐकायला कोणी सांगितलं होतं?"

सगळ्यांना ते पटलं. दुःख गेलं ते ठीक, पण ते सांगायला जाण्यात जी मजा होती तीही गेली होती. गुंडोपंतांच्या निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला. दौलतराव आणि त्यांच्या मुलाने हात एकदमच वर केले. पाच वर्षांत त्यांचं इतकं कधी जमलं नव्हतं.

ठरावाचं पान घेऊन भाऊसाहेब गुंडोपंतांच्या बिळापाशी गेले. नवराबायको सकाळच्या उन्हात मुंग्या टिपत बसले होते. भाऊसाहेबांनी पान उघडलं, शेपटी सावरली आणि आवाज चढवला. "या जंगलातील समस्त नागरिक..."

"बसा की भाऊसाहेब," गुंडोपंत म्हणाले. "उभे किती राहाल? तुमचं काय चाललंय?"

भाऊसाहेबांना हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. "माझं काय चालणार! छान चाललंय," ते म्हणाले. मग पान मांडीवर ठेवून खाली बसले. "म्हणजे, तसं छान आहे..." आणि त्यांना रडू आलं. वेणूबाईंनी पाणी आणलं.

दुपारी उशिरा भाऊसाहेब परत आले. डोळे लाल होते, पण चाल हलकी होती. सभेच्या वहीत त्यांनी नोंद केली : 'ठराव समक्ष समजावून सांगितला. विषय गंभीर असल्याने चार तास लागले. उद्या पुन्हा जावे लागेल.'

तात्पर्य : दुसऱ्याचं दुःख जरूर ऐकून घ्यावं, पण लक्ष देऊन ऐकू नये. लक्ष दिलं की ते मिटण्याचा धोका असतो, आणि मिटलं तर समाज आपल्याला क्षमा करत नाही.