आधी हात, मग बाटली

माणूस किती आजारी आहे हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरत नाही. त्याच्या डोक्यावर किती बाटल्या टांगल्या आहेत, त्यावरून ठरतं. सलाईन न लागलेला पेशंट म्हणजे हवापालटाला आलेला पाहुणा. त्यालाही लोक फळं आणतात, पण मनापासून आणत नाहीत.

वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरबाईंनी उभ्या नोकरीत या श्रद्धेचा सखोल अभ्यास केला होता. त्यांच्या निरीक्षणानुसार नातेवाईक तीन प्रकारचे. पहिला नुसते थेंब मोजतो. दुसरा बाटली अर्धी असतानाच ‘सिस्टर, संपत आली’ म्हणत धावत येतो (हाच गृहस्थ घरातला गॅस संपल्याचं तिसऱ्या दिवशी सांगतो). तिसरा, कुणाचं लक्ष नाही असं बघून, नळीवरची चक्री हळूच सैल करतो. म्हणजे सलाईनही लवकर आटपेल आणि पेशंटही. पेशंटकडे बघणारा एखादा चौथा प्रकार असावा, असा बाईंचा कयास होता. अजून आढळला नव्हता.

म्हणून त्यांनी स्वतःच्या अक्षरात भिंतीवर पाटी लावली : ‘आधी हात, मग बाटली.’ कारण शिरेतली नळी जरा सरकली की सलाईन रक्तात न जाता कातडीखाली साठतं, हात फुगतो, आणि बाटली मात्र वर शहाण्यासारखी ठिबकत राहते. हे त्या प्रत्येक नव्या सिस्टरला इतक्यांदा सांगत, की मुली पाठीमागे त्यांना ‘आधीहातबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. आवडतही होतं.

मग एक दिवस त्यांची स्वतःची आई त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर आली.

शीर बाईंनीच शोधली. एका टोचण्यात. वरची चिकटपट्टी तर इस्त्री केल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, “सगळं ठीक राहिलं तर उद्या सकाळी घरी.” ते ऐकून आईने खाटेखालच्या चपला पायाने सरकवून दाराच्या दिशेला तोंड करून ठेवल्या.

त्या दुपारी बाईंची सुट्टी होती, म्हणजे त्या नुसत्या लेक होत्या. स्टुलावर बसून थेंब बघू लागल्या. थेंब देखणे पडत होते. थोड्या वेळाने मंदावले. इन्चार्ज सिस्टरने अशा वेळी हात तपासला असता. लेकीने चक्री जराशी सैल केली. थेंब पुन्हा लयीत आले. पुन्हा मंदावले, चक्री पुन्हा सैल झाली. भेटायला आलेला भाऊ म्हणाला, “छान चाललंय की गं.” तोही वरच बघत होता.

आई चादरीखाली हात घेऊन गप्प पडली होती.

फेरीवर आलेल्या नव्या सिस्टरने चादर बाजूला केली. हात कोपरापर्यंत टम्म. बोटांच्या पेरांवरच्या रेघासुद्धा बुजलेल्या. तिने चक्री बंद केली, नळी काढली, हात उशीवर उंच ठेवला. सगळं न बोलता. मग एकदाच भिंतीकडे बघितलं. बोलली असती तर परवडलं असतं, असं बाईंना वाटलं.

“आई, दुखत होतं तर सांगायचं नाही का?”

“कुणाला सांगू? तू त्या बाटलीत रंगली होतीस.”

“तरी पण.”

“मला वाटलं, तू शेजारी बसलीयेस म्हणजे हे असंच फुगवायचं असतं. तुला कळतं ना त्यातलं.”

उद्याची सकाळ रद्द झाली. “चपला वळव,” आई म्हणाली. बाईंनी वाकून चपलांची तोंडं भिंतीकडे केली. दुसऱ्या हातातली शीर नव्या सिस्टरने शोधली (दोनदा टोचावं लागलं). सुई जाताना आईचा चेहरा किंचित आक्रसला. तो चेहरा बाई दुपारपासून पहिल्यांदाच बघत होत्या.

अभ्यासात आता दुरुस्ती झाली आहे : तिसऱ्या प्रकारात सिस्टरही मोडतात. पाटी आहे तिथेच आहे. बाई तिच्याखालून जाताना जरा घाईने जातात, एवढंच.

वाचकांनी हसायला हरकत नाही. त्यांनीही थेंब, चक्री, सूज, सगळं बारकाईने पाहिलंच की. आईला मुळात काय झालं होतं म्हणून तिथे आणलं, हे मात्र इतक्या वेळात कुणीच विचारलं नाही.